पेटी कुमानाची, यंत्र टिॲकचं

1980च्या दशकातल्या घरगुती संगणकांच्या पोटात फ्लॉपी ड्राइव्ह सहसा नसायचा. कीबोर्डच्या खोक्यातच सगळा संगणक, पडदा म्हणून घरातला टीव्ही आणि प्रोग्राम साठवायला साधा टेपरेकॉर्डर. कॅसेटवरून प्रोग्राम चढायला मिनिटंच्या मिनिटं जात. कंटाळलेला माणूस मग बाहेरून जोडायचा ड्राइव्ह घेई, आणि तो बरेचदा संगणक बनवणाऱ्या कंपनीचा नसून भलत्याच कंपनीचा असे. ब्रिटनमध्ये कुमाना, ओपस, विग्लेन, वॉटफर्ड इलेक्ट्रॉनिक्स अशा कंपन्यांनी या धंद्यात नाव काढलं. जुने संगणक पुन्हा चालू करणाऱ्यांपुढे आज तोच प्रश्न आहे: यातला कोणता ड्राइव्ह घ्यावा, की घेऊच नये?

आपल्याकडे हा प्रश्न मुख्यतः बीबीसी मायक्रोचा. 1984-85 साली केंद्र सरकारनं शाळांसाठी ‘क्लास’ हा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला. पहिल्या टप्प्यात देशभरातल्या 250 शाळा निवडल्या आणि त्यांना ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचा हा संगणक दिला. चंदीगडजवळच्या मोहालीतल्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्सनं तोच ‘एससीएल युनिकॉर्न’ नावानं इथे बनवला. 32 के स्मृतीचं हे यंत्र. आजच्या मोबाइलमधला एक फोटोही त्यात मावणार नाही. पण एका अख्ख्या पिढीच्या शिक्षकांनी संगणक पहिल्यांदा पाहिला तो हाच.

अशाच एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले एक गुरुजी परभणीत राहतात. शाळेनं भंगारात काढलेला बीबीसी मायक्रो त्यांनी लिलावात घेतला. सोबत सव्वापाच इंची फ्लॉप्यांचा एक डबा आला, ड्राइव्ह मात्र आला नाही. त्यांची भाची इलेक्ट्रॉनिक्सची अभियंता. दोघांचं या एका विषयावर एकमत होत नाही. दोघांनाही मी अनेकदा ऐकलं आहे, आणि मला वाटतं, या वादात ड्राइव्हच्या निवडीबद्दल सांगण्यासारखं जवळजवळ सगळं येऊन जातं.

मामा : मला खरा ड्राइव्ह पाहिजे. इंग्लंडात जुने मिळतात अजून. शिफ्ट धरून ब्रेक दाबलं की लाल दिवा लागायचा, आत खर्र खर्र आवाज व्हायचा अन् सगळा वर्ग गप्प बसायचा. पोरांना कळायचं, आत काहीतरी हलतंय, काहीतरी वाचलं जातंय.

भाची : मामा, त्या आवाजासाठी चाळीस वर्षांची मोटर विकत घ्यायची? लोखंडी पेटी, आत ट्रान्सफॉर्मर, वजन बघा. टपालखर्चच ड्राइव्हच्या किमतीला भिडेल. त्यापेक्षा गोटेक घ्या. फ्लॉपी ड्राइव्हच्या आकाराचं खोकं, मागे तीच चौतीस पिनांची जागा, पुढे पेन ड्राइव्ह लावायचा. मूळचं ते भरतकामाच्या मशीनसाठी, सीएनसीसाठी, ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डसाठी काढलेलं. कीर फ्रेझर नावाच्या माणसानं त्याच्यासाठी ‘फ्लॅशफ्लॉपी’ हे मोफत सॉफ्टवेअर लिहिलं, तेव्हापासून जुन्या संगणकवाल्यांनी ते उचललं. बीबीसीला वाटतं, आपल्याला खराच ड्राइव्ह जोडलाय. एका पेन ड्राइव्हवर शेकडो फ्लॉप्या.

मामा : त्यात माझी फ्लॉपी जाते का?

भाची : फ्लॉपी नाही जात. फ्लॉपीची प्रत जाते.

मामा : अन् प्रत कशावर काढायची?

या प्रश्नाशी प्रत्येक वेळी भाची क्षणभर थांबते, आणि माझ्या मते वादाचं खरं मूळ इथंच आहे. गोटेक उत्तम आहे, स्वस्त आहे, त्याला झिजणारा एकही भाग नाही. पण जुनी एकही फ्लॉपी त्याला वाचता येत नाही. आणि गुरुजींच्या डब्यात जे आहे ते जगात दुसरीकडे कुठेच नाही. विद्यार्थ्यांनी बेसिक भाषेत लिहिलेले प्रोग्राम आहेत ते. पाढे विचारणारा एक. कापूस एकाधिकार खरेदीच्या काळात प्रतवारीनुसार शेतकऱ्याच्या हातात किती पैसे पडतील याचा हिशेब करणारा दुसरा. तो मानवतकडच्या एका मुलानं लिहिला होता. बीबीसीचे खेळ इंटरनेटवर हवे तेवढे मिळतील. हा कापसाचा हिशेब मिळणार नाही.

भाची : बरं, मग यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह घेऊ म्हणाल. तो नको, आधीच सांगते. ऑनलाइन मिळतात ते सगळे साडेतीन इंची. अन् ते फक्त पीसीच्या ठरावीक मापाच्या फ्लॉप्या वाचतात, 720 के आणि 1.44 एमबी. बीबीसीची फ्लॉपी ‘एफएम’ पद्धतीनं लिहिलेली, एका ट्रॅकवर दहा सेक्टर, एकेक सेक्टर 256 बाइटचा. सव्वापाच इंची फ्लॉपी त्या ड्राइव्हच्या तोंडात जाणार नाही, अन् गेली असती तरी त्याला ती कळली नसती.

मामा : मग पुण्याच्या जुन्या बाजारात नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला बघू. जुन्या पीसीतून काढलेला सव्वापाच इंची ड्राइव्ह कुणाकडे तरी असेलच.

भाची : असेल, पण तो बहुतेक 1.2 एमबीवाला असेल. तो मिनिटाला 360 फेरे फिरतो, बीबीसीला 300 लागतात. काहींच्या पाठीवर जंपर बदलून वेग कमी करता येतो, सगळ्यांच्या नाही. थेट बीबीसीला जोडायचा असेल तर मी त्याच्या वाटेला जाणार नाही.

मामा : म्हणजे फिरून कुमानाच.

भाची : कुमाना म्हणायलात, पण कुमाना यंत्र कुठं बनवायची? पेटी त्यांची, वीजपुरवठा त्यांचा, वायर त्यांची. आत फिरणारं यंत्र टिॲकचं, मित्सुबिशीचं, नाहीतर आणखी कुणाचं. ओपसचं तेच, विग्लेनचं तेच. विकणाऱ्याला पेटीचं नाव विचारू नका मामा. पेटी उघडून आतल्या यंत्राच्या लेबलाचा फोटो पाठव म्हणावं.

हे फार महत्त्वाचं आहे. पेट्यांची तुलना करणारे लोक नावांवर अडतात: कुमाना चांगला की ओपस चांगला, वॉटफर्डचा रंग कुठला होता. टिकतं ते आतलं यंत्र. टिॲकची ‘एफडी-55’ ही मालिका मी डोळे झाकून घ्यायला सांगेन. तिच्यात पट्टा नाही, मोटर थेट तबकडीला फिरवते. जुन्या पट्टेवाल्या यंत्रांचा रबर चिकट होऊन वितळतो, तो त्रास इथे नाही. लेबलवर ‘55’ नंतरचं अक्षर पाहावं. ‘ए’ म्हणजे 40 ट्रॅक, एक बाजू. ‘बी’ म्हणजे 40 ट्रॅक, दोन्ही बाजू. ‘एफ’ म्हणजे 80 ट्रॅक, दोन्ही बाजू. ‘जीएफआर’ दिसलं तर तो वर सांगितलेला 1.2 एमबीवाला. बीबीसीसाठी सर्वांत उपयोगाचा ‘एफ’: एका बाजूला 200 के, दोन्ही मिळून 400 के.

पेटीला एका गोष्टीचं श्रेय मात्र द्यायला हवं. बऱ्याच पेट्यांवर 40 आणि 80 असं लिहिलेलं एक छोटं बटण असतं. 80 ट्रॅकच्या ड्राइव्हला 40 ट्रॅकची फ्लॉपी वाचायची तर हेड दर वेळी दोन पावलं सरकावा लागतो, आणि हे बटण तेच करतं. जुना डबा हाती आलेल्या माणसाला कुठली फ्लॉपी कशावर लिहिली हे ठाऊक नसतं, म्हणून हे बटण असलेलीच पेटी घ्यावी. वाचायला बटण चालतं, लिहायला चालत नाही. 80 ट्रॅकचा हेड अरुंद असतो. त्यानं 40च्या रुंद वाटेवर लिहिलं की कडेला जुनी खूण तशीच राहते, आणि मूळ 40चा ड्राइव्ह दोन्ही एकदम वाचून गोंधळतो.

मामा : वीजपुरवठा पेटीत असावा की नसावा?

भाची : बीबीसीच्या पोटाखाली ड्राइव्हला वीज द्यायची सोय आहेच, एक ड्राइव्ह तेवढ्यावर चालतो. स्वतःचा वीजपुरवठा नसलेली पेटी हलकी, टपालाला बरी. पण दोन ड्राइव्ह एका पेटीत असतील तर पेटीचाच वीजपुरवठा पाहिजे. अन् बीबीसी स्वतः चालू करायच्या आधी त्याच्या वीजपुरवठ्यातले ते जुने कागदी कपॅसिटर बदलायचे. वरचं पारदर्शक आवरण तडकलेलं असतं, त्यात दमट हवा शिरते, अन् वीज आली की फुटून धूर निघतो. चार रुपयांच्या भागासाठी घरभर वास.

मामा : अन् इथली वीज अशी, की फ्लॉपीवर लिहिता लिहिता गेली तर सूचीच बिघडते. आम्ही ते भोगलंय.

भाची : म्हणून तर गोटेक म्हणते!

मामा : गोटेकवर लिहितानाही वीज जाईल की.

भाची : जाईल. पण पेन ड्राइव्हची दुसरी प्रत माझ्या लॅपटॉपवर असेल.

आता थोडं बीबीसीच्या बाहेर. भारतीय घरांत पोचलेला संगणक म्हणजे सिंक्लेर कंपनीचा स्पेक्ट्रम. 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात डेसिबेल्स कंपनीनं तो ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ नावानं परवान्यानं बनवला. त्याला फ्लॉपीची सोय मुळात नव्हतीच. सिंक्लेरनं दिला तो मायक्रोड्राइव्ह: बोटभर कार्ट्रिज, आत गोल फिरणारी टेप, 85 के सुमारास, आणि भरवसा फार थोडा. मग बाहेरच्या कंपन्या आल्या. बीटा डिस्क, ओपस डिस्कव्हरी, माइल्स गॉर्डनचं डिसिपल, प्रत्येकाची प्रणाली वेगळी. एकाची फ्लॉपी दुसऱ्यात चालायची नाही. यातला बीटाच आज सर्वांत जिवंत आहे, कारण सोव्हिएत संघातल्या हौशी लोकांनी स्पेक्ट्रमच्या असंख्य नकला केल्या आणि त्यांतल्या अनेकांत बीटाचीच पद्धत घातली.

कमोडोर 64ची तऱ्हा आणखी निराळी. त्याचा 1541 ड्राइव्ह म्हणजे स्वतःच एक संगणक होता. त्याच्या आत 6502 प्रोसेसर, स्वतःची स्मृती, स्वतःचा डॉस, आणि एवढं करून फ्लॉपीवर 170 के. संगणकाशी तो बोलायचा बारीक सिरियल वायरीवरून, तेही रडतखडत. इंडस जीटी, एमएसडी असे बाहेरचे ड्राइव्ह बांधणीला सरस होते, थंड राहायचे. पण त्यांना कमोडोरचा डॉस स्वतःच्या रॉममध्ये नव्यानं लिहावा लागला. एखाद्या बारीकशा ठिकाणी फरक पडला की वेगानं चढणारे खेळ अडकून बसायचे. अशा संगणकाला बाहेरचा ड्राइव्ह घेताना आतलं यंत्र पाहून भागत नाही, रॉमची आवृत्तीही पाहावी लागते.

बीबीसीवाल्यांना हा ताप नव्हता. एकॉर्ननं ड्राइव्हची बुद्धी संगणकात ठेवली आणि बाहेर दिली शुगार्ट कंपनीनं रूढ केलेली चौतीस पिनांची ओळ. ड्राइव्ह नुसता फिरणारा, आज्ञा पाळणारा. म्हणून कुणालाही पेटी करता आली. म्हणूनच चाळीस वर्षांनंतर गोटेकसुद्धा तिथं बसतो. कंपन्या गेल्या, ओळ राहिली. पण इथेही एक खोच आहे. वॉटफर्डनं आणि ओपसनं जास्त जागेसाठी आपापली दुप्पट घनतेची प्रणाली काढली. त्या फ्लॉप्या एकमेकांत चालत नाहीत. पेट्या सारख्या असूनही फ्लॉप्या परक्या झाल्या. मराठी माणसाला हे दुःख नवं नाही. 1990च्या दशकात छापखान्यांनी आणि डीटीपीवाल्यांनी आपापल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोड आल्यावर अक्षरांचा नुसता चुरा दिसू लागला. फ्लॉपी वाचता येते, मजकूर वाचता येत नाही.

भाची : आता ऐका. ग्रीझवीझल नावाची एक छोटी पाटी मिळते, त्याच कीर फ्रेझरची. एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला चौतीस पिना. ती सेक्टरबिक्टर बघत नाही. फ्लॉपीवरचं चुंबकत्व कुठे कुठे पालटतं, तेवढं मोजून लॅपटॉपला देते. एफएम असो, दुप्पट घनता असो, अर्थ नंतर लावता येतो. फॉर्मॅट कुठला हे आधी ठाऊक असायची गरज नाही.

मामा : अन् तिला ड्राइव्ह कुठला लागतो?

भाची : खरा ड्राइव्ह लागतो. तुमचा कुमाना चालेल. बीबीसीखाली लावायची तीच वायर पाटीत बसते.

मामा : मग इतके दिवस काय भांडायलीस?

भाची : तुम्ही तो पोरांच्या हातात द्यायचा म्हणता म्हणून! वाचून होईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही.

गुरुजींचं म्हणणं हलकं समजू नये. ते म्हणतात, मूल आज फाइल ‘सेव्ह’ करतं तेव्हा त्याला काहीच दिसत नाही; ड्राइव्हचं झाकण काढून ठेवलं तर हेड बाहेरून आत सरकताना दिसतो, तबकडी फिरताना दिसते, आणि साठवणं म्हणजे कुठंतरी, कशावर तरी, खरंखुरं काहीतरी उमटवणं असतं हे एका दृष्टिक्षेपात कळतं. मला हे पूर्ण पटतं. गोटेक हे शिकवू शकत नाही. मात्र त्यासाठी कोऱ्या फ्लॉप्या वापराव्यात, आणि त्या ‘दुप्पट घनते’च्या, म्हणजे 360 के मापाच्या घ्याव्यात. 1.2 एमबीच्या फ्लॉपीचा लेप वेगळा असतो. बीबीसीचा ड्राइव्ह तिच्यावर नीट उमटवू शकत नाही.

भाचीचं म्हणणंही खरं आहे, कारण परभणीत फ्लॉपीचे दोन शत्रू आहेत. मे महिन्यात पारा 44च्या वर जातो आणि पत्र्याच्या कपाटातलं फ्लॉपीचं काळं आवरण वाकतं. त्यानंतर पावसाळ्याची ओल बुरशी आणते. म्हणून ती एकही फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घालू देत नाही. आधी खिडकीशी नेते. आवरणाच्या लांबट खिडकीतून तबकडीवर तिरपा उजेड घेते आणि मधलं भोक दोन बोटांनी धरून तबकडी हळूहळू फिरवते. तपकिरी पृष्ठभाग एकसारखा चमकला तर ठीक. मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी. एखादं गोल वर्तुळ खरवडल्यासारखं दिसलं तर तिथला लेप गेलेला. ठिपकेवाली फ्लॉपी बाजूला ठेवते, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसानं खिडकीतून थोडी थोडी पुसते, पूर्ण वाळू देते. कडेची खाच चिकटपट्टीनं बंद करते, म्हणजे चुकूनही तिच्यावर लिहिलं जाणार नाही. एका फ्लॉपीनंतर हेड पुसते. कापसावर तपकिरी रेघ उमटली की समजावं, फ्लॉपीचा लेप सुटायला लागला आहे. तशीच दुसरी घातली तर हेडवरची घाण तिला ओरखडणार. एक खराब फ्लॉपी असा अख्खा डबा नासवू शकते.

मामा : पण कुमाना येऊस्तोवर काय करायचं? पाऊस थांबतोय का आपल्यासाठी?

भाची : डबा कपाटातून काढा. सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, अन् आतल्या खोलीत, भिंतीपासून लांब.

मामा : अन् बीबीसीत ड्राइव्हची चिप आहे का तरी? नसली तर?

भाची : तेवढं कपॅसिटर बदलल्यावर चालू करून बघू. पडद्यावर ‘बीबीसी कॉम्प्युटर 32के’च्या खाली ‘एकॉर्न डीएफएस’ अशी ओळ आली तर चिप आहे. नुसतं ‘बेसिक’ आलं तर नाही. मूळची इंटेलची 8271 चिप आता दुर्मीळ झालीय, महागही पडते. तिच्या जागी 1770ची पाटी बसवतात. तेही जमलं नाही तर युजर पोर्टला एसडी कार्ड लावायची सोय आहे, त्याला ड्राइव्हची चिप लागत नाही.

ही तपासणी ड्राइव्ह मागवण्याच्या आधी करायची असते. चिप नसलेल्या यंत्राला जगातला कुठलाही ड्राइव्ह जोडला तरी ते त्याच्याकडे ढुंकूनही पाहणार नाही.

माझा कौल असा. फ्लॉप्यांचा डबा असेल तर पहिला खर्च खऱ्या ड्राइव्हवर करावा: टिॲक 55 एफ किंवा तसंच 80 ट्रॅकचं, दोन बाजूंचं यंत्र, 40-80चं बटण असलेल्या कुठल्याही कंपनीच्या पेटीत. त्याच्याबरोबर ग्रीझवीझल. नुसत्या वाचनापुरता भंगारातला 1.2 एमबीचा ड्राइव्हही चालेल, कारण ग्रीझवीझलला वेगातला फरक सांभाळून घेता येतो. फ्लॉप्या नसतील, फक्त यंत्र चालवायचं असेल, तर गोटेक घ्यावा आणि पैसे वाचवावेत. यूएसबीच्या ड्राइव्हवर रुपयाही घालू नये. आधी गोटेक घेऊन फ्लॉप्यांचं ‘पुढे बघू’ म्हणणं मात्र मला मान्य नाही. गोटेक पुढच्या वर्षीही मिळेल. फ्लॉपीवरचा लेप दर पावसाळ्यात थोडा थोडा जातो.

परभणी, हिंगोली, नांदेड, जालना, कुठल्याही जिल्ह्यातल्या जुन्या शाळेच्या भांडारघरात ‘क्लास’च्या काळातली खोकी अजून पडून असू शकतात. मुख्याध्यापकांना आणि तिथं शिकवलेल्या निवृत्त गुरुजींना माझी विनंती आहे: लिलावाच्या यादीत संगणक घालण्याआधी फ्लॉप्यांचा डबा बाजूला काढा, प्रत्येक फ्लॉपीवर काय लिहिलंय ते वहीत उतरवून घ्या, आणि ड्राइव्ह सापडला तरी कपॅसिटर बदलल्याशिवाय बटण दाबू नका.